पाटणकरांची बेल

“सगळ्या स्लाइड तपकिरी झाल्या, सर. आणखी काय हवं?”

अश्लेषाचा आवाज पार जिन्यापर्यंत आला. मुजावर सर मिरजेत जन्मभर गाठी तपासून आता घरी बसलेले, आणि ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. आमच्या मजल्यावर तीन दारं. सरांचं दिवसभर उघडं, पाटणकरांना कुलूप, तिसरं माझं. त्यामुळे मला ऐकू येतंच.

तिनं प्रयोगशाळेत एक अँटिबॉडी बनवली होती. कॅन्सरच्या गाठीतलं एक प्रथिन त्या अँटिबॉडीनं शोधायचं, त्यालाच चिकटायचं. मग तेवढी जागा तपकिरी दिसते. त्यावरून डॉक्टर औषध ठरवणार. सर हो म्हणाले की सोमवारपासून ती अँटिबॉडी दवाखान्यात.

“सगळ्या?” सरांनी विचारलं.

“एकूण एक. तुम्ही दिलेल्यासुद्धा.”

“मी दिलेल्यांत एका बाईच्या गाठीत ते प्रथिन नव्हतंच.”

स्लाइडच्या डबीचं झाकण वाजलं.

“तिला भलतंच औषध जाईल, पोरी. तोवर गाठ थांबते का?”

“रंग थोडा जास्त बसला असेल, सर. पण अँटिबॉडी शोधते तर खरी… काही सुटत नाही तिच्या हातून.”

सर उठले. सपाता घातल्या. बाहेर येऊन त्यांनी पाटणकरांची बेल वाजवली.

मी माझं दार उघडलं.

“कोण आलंय? पाटणकर तर लेकीकडे गेलेत.”

“कुणी नाही, वहिनी.” मग अश्लेषाकडे वळून म्हणाले, “यांच्याही हातून काही सुटत नाही.”

पोरगी हसली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या डबीकडे. आणि गुपचूप जिना उतरली.

मला काही कळलं नाही. आत आले, दार नुसतं ओढून घेतलं.

संक्रांत गेली. पाटणकर काही आले नाहीत. उन्हं तापायला लागली तेव्हा अश्लेषा आली, डोळ्यांखाली काळं घेऊन. जुनी अँटिबॉडी टाकून दिली होती, नवी केली होती. सरांनी खिडकीपाशी मायक्रोस्कोप ओढला.

“ही?”

“तपकिरी, सर.”

“हं. आणि ही, त्या बाईची?”

“कोरी.”

“नीट सांग.”

“कोरी आहे, सर… एक ठिपका नाही.”

बोर्डात पहिली आल्यासारखा आवाज. आणि काय तर, काही दिसलं नाही म्हणून.

सर बराच वेळ बघत राहिले.

“जाऊ दे तुझ्या अँटिबॉडीला दवाखान्यात,” ते म्हणाले.

पोरगी पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर धावली ती थेट पाटणकरांच्या दाराशी. बेल दाबली, आणि तोंड मात्र माझ्या दाराकडे.

आता मलाही कळलं होतं, ती जुनी अँटिबॉडी म्हणजे मीच, बेल कुणाचीही वाजो. तरी दार उघडलंच.

ती हसत हसत गळ्यात पडली. डोळे ओले.

सर उंबऱ्यात उभे होते.

“पेढा दे त्यांना,” ते म्हणाले. “ती स्लाइड कोरी हवी… आपला मजला कोरा नको.”