निघताना काय म्हणायचं

पुण्यात आमचा स्पॅनिशचा वर्ग संध्याकाळी एका गच्चीवर भरायचा. केळुसकर सर शिकवायला पक्के, पण फटकळ. चुकला त्याला थेट जिन्याची वाट दाखवायचे.

एकदा त्यांनी 'इर्से', म्हणजे निघून जाणं, हे क्रियापद इच्छार्थात चालवायला सांगितलं. शशिकलाबाई खोत उभ्या राहिल्या. नात मेक्सिकोत, तिच्याशी बोलता यावं म्हणून साठीत शिकायला आलेल्या. 'मे बाया', मी निघून जावं, या पहिल्याच रूपापाशी त्या अडल्या.

"पाठ केलं नाही ना? मग निघा," सर म्हणाले.

बाईंनी पिशवी उचलली. "येते, सर."

"येते काय? मी जा म्हटलंय."

"निघताना 'जाते' म्हटलं की आई उंबऱ्यातच अडवायची, 'येते' म्हणायला लावायची. जन्मभर जे तोंडातून काढलं नाही, ते तुम्ही एका संध्याकाळी काढायला सांगताय. तुमच्या आईने काय शिकवलं होतं, सर?"

सर फळ्याकडे वळले. मग म्हणाले, "बसा."

ती गच्ची आता पाडली. सरांचा शेवटचा वर्ग मात्र आठवतो. एरवी 'आदियोस' म्हणून ताडताड उतरणारे सर त्या दिवशी जिन्यापाशी थांबले आणि शशिकलाबाईंकडे बघत म्हणाले, "येतो."