किटलीतला उपमा

झुरिचमध्ये रोज बाहेर जेवायचं म्हणजे दिवाळंच, म्हणून इचलकरंजीच्या प्रमिलाकाकूंनी घरूनच फोडणी घातलेला रवा नेला होता. हॉटेलच्या खोलीत त्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतून त्यांनी झाकण ठेवलं. वास आला तसा मॅनेजर तणतणत आला.

"बाहेरचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे. शंभर फ्रँक दंड!"

"बाहेरून आला तो कोरडा रवा," काकू म्हणाल्या. "उपमा इथे झाला, तुमच्याच किटलीतल्या पाण्यात."

"हॉटेलात झाला म्हणजे हॉटेलचा. मग त्याचं बिल भरा!"

"भरते की. पण उपमा हॉटेलचा, तर मी हॉटेलची स्वयंपाकीण. आधी माझी मजुरी द्या, इथल्या दराने."

मॅनेजरने दंडाचं किंवा बिलाचं नाव पुन्हा काढलं नाही.