आप्पासाहेबांनी बांधलेला पूल

“पूल हवाय? मग तूच बांध की!” आमदार आप्पासाहेब घोरतळे भर सभेत गरजले आणि मंडपातले कार्यकर्ते पोट धरून हसले. आप्पासाहेब विनोद करोत नाहीतर शिंकोत, हसायचं ते हसायचंच! तेवढ्यासाठी तर त्यांना जीपमधून फिरायला मिळत होतं.

हे ज्या बाईला ऐकवलं ती हिरडेवाडीची हौसा. तळखांब मतदारसंघाच्या पार टोकाला ही वाडी, आणि वाडी नि शाळा यांच्या मध्ये दांडगा ओढा. उन्हाळ्यातही गुडघाभर पाणी, पावसाळ्यात तर विचारूच नका! शाळा हटकून बुडायची. हौसाची तारा आठवीत होती, वर्गात पहिली. पण सासऱ्यानं बजावलं होतं, “यंदाच्या पावसात शाळा बुडाली, तर पोरीचं नाव काढायचं आणि लग्न उरकायचं!” हौसाच्या जिवाला घोर लागला होता. निवडणूक तोंडावर आलीय, आमदारांना वाडीची आठवण झालीय, म्हणून ती सभेत उभी राहिली आणि विचारून बसली, “आप्पासाहेब, आमचा पूल कधी?”

भर सभेत प्रश्न! तोही पत्रकारांसमोर! आप्पासाहेबांचा पारा चढला.

“बाई, पूल म्हणजे काय भाकरी आहे, थापली की झाली? निधी लागतो, मंजुरी लागते, टेंडर लागतं! एवढी घाई असेल तर ऐक. सोमवारी मी वाडीत येतोय. सरकारचा छदाम न घेता मला ओढा पार करून दे. पाय भिजता कामा नयेत! होडी चालणार नाही, फळी चालणार नाही, कुणाच्या खांद्यावर मी बसणार नाही. जमलं, तर आचारसंहिता लागायच्या आत तुझ्या पुलाचं काम सुरू. नाही जमलं, तर पुन्हा माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही!”

“हा शब्द समजायचा का, साहेब?”

“शब्द म्हणजे शब्द! पत्रकारांनो, लिहून घ्या!”

घरी सासरा डाफरलाच. “चारचौघांत शोभा करून घेतलीस ना? आता स्थळं बघायला लागतो मी.”

“मामंजी, सोमवारपर्यंत दम धरा,” हौसा म्हणाली आणि तडक बाहेर पडली. वाडीतल्या बायांना गोळा करून तिनं काहीतरी सांगितलं. बाया आधी आ वासून बघत राहिल्या, मग तोंडाला पदर लावून खो खो हसत सुटल्या.

सोमवारी धुरळा उडवत जीपगाड्या आल्या. झेंडे आले, हलगी आली, मोबाईल वर करून व्हिडिओ काढणारे आले. बघतात तर काय, ओढ्यात धोंडे रचलेले आणि त्यांवर काळ्या गुळगुळीत फरश्यांची रांग!

“हात्तिच्या! एवढंच होय?” म्हणत आप्पासाहेबांनी ऐटीत पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला.

फरशीवर सोनेरी अक्षरं होती: ‘हिरडेवाडी पूल. भूमिपूजन. शुभहस्ते आमदार आप्पासाहेब घोरतळे.’ पुढच्या फरशीवर दवाखाना. त्याच्या पुढच्या फरशीवर पाण्याची टाकी. मग समाजमंदिर. हस्त सगळीकडे तेच शुभ!

“हे... हे कुठून आणलंस?”

“वाडीतूनच, साहेब! दर निवडणुकीला तुम्ही येता, नारळ फोडता, कोनशिला बसवता नि जाता. दवाखान्याच्या कोनशिलेवर आमची सरूबाई धुणं धुते. टाकीची माझ्या हंड्याखाली होती. समाजमंदिराच्या शिलेवर शेरडं बसतात. शिलेच्या पुढं काम काही सरकलं नाही, म्हटलं ह्यांचा तरी उपयोग करावा!”

“अगं, पण माझ्याच नावावर मी पाय देऊ?”

“आम्ही त्या नावावर मतं दिली, साहेब! तुम्हाला नुसता पाय देता येईना?”

काठावर हशा पिकला. माघार घ्यावी तर व्हिडिओ चालू! आप्पासाहेब निघाले. पण प्रत्येक शिलेवर वरच्या ओळीत मंत्रीसाहेबांचंही नाव होतं. तिकिटाची यादी त्यांच्याच हाती! त्या नावाला पाय लागू नये म्हणून आमदारसाहेब धोतर सावरत, चवड्यांवर तोलत, फक्त स्वतःच्या नावावर उड्या मारत चालले. कार्यकर्त्यांना हसावं की घोषणा द्याव्यात तेच कळेना!

काठ एका पावलावर आला आणि आप्पासाहेब थबकले. पुढे फरशीच नव्हती. नुसते धोंडे रचलेले, वर खळाळतं पाणी.

“हरलीस, बाई!” ते तिथूनच ओरडले. “एक दगड कमी पडला!”

“कमी कसा पडेल, साहेब?” पाण्यातून आधीच पलीकडे जाऊन उभी राहिलेली हौसा म्हणाली. “यंदाचा तुमच्या गाडीत असेल की!”

सगळ्यांच्या माना गर्रकन जीपकडे वळल्या. ड्रायव्हरनं खाली मान घालून मागचं दार उघडलं. लाल कापडात गुंडाळलेली, करकरीत नवी कोनशिला निघाली: ‘हिरडेवाडी पूल. भूमिपूजन.’ पुन्हा तेच!

“आणा इकडं,” हौसा म्हणाली. “तेवढी ठेवली की तुमचा पूल पुरा झाला!”

शेवटच्या फरशीवर चवड्यांवर उभ्या आप्पासाहेबांनी शिलेकडे पाहिलं, पायाखालच्या आपल्या नावाकडे पाहिलं. आधी कान लाल झाले, मग मिशा हलल्या, आणि एकदम असे खदाखदा हसले की तोल जाता जाता राहिला. “हरलो, बाई, हरलो! ठेवा रे ती शिला!”

कोरड्या पायांनी पलीकडे पोचताच त्यांनी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला आणि हौसासाठी शाल-श्रीफळ मागवलं.

“शाल राहू द्या, साहेब,” हौसा म्हणाली. “खडीचा ट्रक मागवा!”

आप्पासाहेब पुन्हा हसले, आणि या खेपेला कार्यकर्त्यांनाही खरंखुरं हसू आलं. आचारसंहितेच्या आदल्या दिवशी खडी येऊन पडली. पावसाच्या आत पूल झाला, आणि तारा नववीत गेली.