खरवडलेल्या नावाची शिळा

कोपेत पर्वताच्या पायथ्याशी एका पडक्या किल्ल्याच्या वेशीत एक शिळा आहे. तिच्यावरचे एक नाव छिन्नीने खरवडून काढलेले असून त्याखाली खोल अक्षरांत ‘अर्शक’ असे कोरलेले आहे. म्हातारा वाटाड्या पाहुण्यांना तेथे थांबवून सांगतो, ती हकीकत अशी.

येथे पार्थियनांचे, म्हणजे आपल्या पुराणांतील पह्लवांचे, राज्य होते. अर्शक हा त्यांचा मूळपुरुष. त्याच्या वंशात बर्झीन नावाचा राजपुत्र होऊन गेला, म्हणे. पळण्याचे सोंग करायचे आणि शत्रू पाठीस लागला की धावत्या घोड्यावर मागे वळून बाण सोडायचे, ही त्या लोकांची युद्धरीत. अभिषेकाच्या तोंडावर शत्रू चालून आला, तेव्हा बर्झीनने खिंडीपर्यंत पळून तेथे वळावे, असे ठरले. तो पळाला, वळला मात्र नाही. मागचे स्वार वळले आणि त्यांनीच खिंड राखली. त्यांतील सात परतले नाहीत. बर्झीनचे पळणेही सोंगच होते असे समजून लोकांनी त्याचा जयजयकार केला आणि वेशीतल्या शिळेवर त्याचे नाव कोरले.

दाई अनोशने त्याचा भाता उतरवला आणि तिचे हात थबकले.

“बाळा, तीसच्या तीस बाण आहेत रे!”

“हळू बोल, दाई!”

“मी कशाला बोलू? वेशीतला दगड बोलेल, रोज. ऐकायचं तुलाच आहे.”

वेशीतून जाताना बर्झीनची मान वर होईना.

अभिषेकाच्या दिवशी पुरोहिताने राजनाम विचारले. बर्झीनने भरलेला भाता सर्वांसमोर ठेवला. “मी वळलो नाही,” एवढेच तो म्हणाला.

एक म्हातारा स्वार पुटपुटला, “आम्हाला वाटलं, राजपुत्राचा घोडाच पळायला फार हौशी!” कोणीही हसले नाही.

“माझं नाव खरवडा,” बर्झीन म्हणाला. “आपले मूळपुरुष अर्शक रणात वळले होते, त्यांचं नाव कोरा. मलाही त्याच नावाने हाक मारा. निदान हाकेला तरी मी मागे वळेन.”

पुढे प्रत्येक राजा गादीवर बसताना स्वतःचे नाव टाकून अर्शक होई, असे सांगतात. परक्यांना तो कुळाचा अभिमान वाटे. घरच्यांना ती लाज ठाऊक होती.

आजही त्या वेशीत कोणी आपले नाव उच्चारत नाही. पाहुण्यांनी नाव विचारले, तर म्हातारा वाटाड्या खरवडलेल्या जागेवर नुसता हात ठेवतो. वेस ओलांडल्यावर तो थांबतो, एकदा मागे वळून पाहतो आणि मगच म्हणतो, “माझं नाव चारी.”