डोंगराची बावीस मिनिटं

"पण गुरुजी, ही बावीस मिनिटं तुम्ही आणलीत कुठून?"

शास्त्रीबुवांनी कष्टाने डोळे उघडले. दर संकष्टीला देवळाच्या फळ्यावर चंद्रोदयाची वेळ लिहिता लिहिता त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्या वेळेवरून गावातल्या बायका मोदक उकडायला ठेवत. आता वय झालं होतं. खडू शिष्याच्या हाती द्यावा आणि पडून राहावं, एवढीच इच्छा उरली होती.

शिष्याला, यशोधनला, खडूच्या आधी खुलासा हवा होता.

"सॉफ्टवेअर म्हणतं, दहा वाजून चार. फळ्यावर दहा सव्वीस. म्हणजे चाळीस वर्षं गाव फुकट उपाशी?"

"पूर्वेला बघ."

यशोधनने पाहिलं. भर दुपारच्या उन्हात काळा कडा उभा होता.

"...डोंगर धरायचा राहिला."

"राहतो. वैशाखात चंद्र कड्यामागून येतो. मार्गशीर्षात खिंडीतून, तेव्हा सहाच मिनिटं."

"हे कोणत्या गणिताने काढलंत?"

"शिव्यांच्या."

यशोधन हसला. शास्त्रीबुवा हसले नाहीत.

"पहिल्या वर्षी पंचांगातली वेळ जशीच्या तशी लिहिली. बायका आरती घेऊन डोंगराकडे बघत उभ्या. मोदक गार. बायोकाकू सगळ्यांदेखत म्हणाली, 'शास्त्रीबुवा, चंद्राला तुमचा फळा वाचता येत नाही वाटतं!'"

"मग?"

"मग काय... बारा महिने, बारा संकष्ट्या. दर वेळी घड्याळ घेऊन त्यांच्यात उभा राहिलो. दर वेळी ऐकून घेतलं."

यशोधनने लॅपटॉपवर कड्याची उंची टाकली. बोटं खटखट चालली.

"दहा सव्वीस! बरोब्बर! गुरुजी, वर्षभराच्या वेळा आत्ता काढून देतो. चहा व्हायच्या आत. आता खडू द्याल ना?"

शास्त्रीबुवांनी खडू दिला. एवढ्या लवकर मिळेल, असं यशोधनला वाटलं नव्हतं. त्याने जुनी वेळ पुसली आणि ठसठशीत अक्षरांत पुन्हा लिहिलं : दहा सव्वीस.

शास्त्रीबुवा भिंतीचा आधार घेत उठले. उपरण्याच्या टोकाने त्यांनी फळा सावकाश पुसून काढला.

"दहा चार लिही."

"पण ते चूक आहे!"

"हो."

"गुरुजी, बायका उपाशी ताटकळतील..."

"बायकांना आता डोंगर ठाऊक आहे. तू खाली तुझं नाव घाल, आणि रात्री त्यांच्यात जाऊन उभा राहा."