तीनशे स्वारांचा चाकू

"हसलीस? माझ्या अंगठ्याला हसलीस?" महाराज ओरडले.

आता हसू नाही तर काय करायचं! वाघोटगडचे जयध्वज महाराज दोन दिवस राज्यकारभार सोडून घडीचे चाकू उघडत-मिटत बसले होते. तीनशे स्वारांच्या कमरेला रोज राहील असा एकच दणकट चाकू निवडायचा होता. निवडून निवडून दोन उरले, आणि तिथे गाडं अडलं ते अडलंच! त्या नादात अंगठा तीनदा कापला. चिंध्या बांधून तो एवढा जाड झाला की महाराजांना भाकरीचा तुकडा मोडेना. ताट घेऊन आलेली सगुणा, मुदपाकखान्यात भाजी चिरणारी बाई, ते बघून फिसकन हसली.

"फार हसू येतंय ना? मग तूच निवड!" महाराजांनी ताट सरकवलं. "चाकू उघडायचा नाही. काही कापून बघायचं नाही. लोहारांना एक अक्षर विचारायचं नाही! उद्या दुपारी सांग, रोज कमरेला कुठला लावावा ते. मला पटेल असं सांग. नाही पटलं, तर जन्मभर हत्तीखान्यात लीद काढ!"

 सगुणा म्हणजे वीस वर्षं चुलीपाशी काढलेली बाई, आणि हत्तीचं नुसतं नाव काढलं तरी ती चुलीमागे दडायची.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. तबकात दोन्ही चाकू मिटून ठेवले होते. एकाला चांदीची मूठ, तिच्यावर नाचता मोर. तो दरबारी लोहार रायाजीचा. दुसऱ्याला म्हशीच्या शिंगाची मूठ आणि पितळेच्या तीन खिळ्या, बाकी नक्षी म्हणाल तर शून्य. तो खेड्यातल्या धोंडू लोहाराचा. दोघे लोहार समोर बसले होते. एकट्या रायाजीची टकळी चालू होती.

सगुणा आली ती दोन कैऱ्या, मीठ आणि तिखट घेऊन. "उन्हातनं आलात, पाव्हणं. तोंडाला जरा चव येईल," असं म्हणून तिने एकेक अख्खी कैरी दोघांपुढे ठेवली.

"महाराज, माझ्या चाकूला तोड नाही!" रायाजी सांगतच होता. "दोर म्हणा, चामडं म्हणा, फांदी म्हणा!" कैरी बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तोंड बोलत राहिलं आणि हात आपोआप कमरेला गेला. खट्कन चाकू उघडला, कैरीची फोड पडली. "एकदा उघडला की पातं जागचं हलायचं नाही! बोट कापलं तर नाव बदलीन!"

"महाराज, हा घ्या!" सगुणाने तबकातल्या शिंगाच्या मुठीवर बोट ठेवलं.

"कशावरून?"

"रायाजींच्या हातात काय आहे ते बघा ना!"

सगळ्या दरबाराने माना वळवल्या. रायाजीच्या हातात शिंगाची मूठ, पितळेच्या तीन खिळ्या! वापरून वापरून मूठ पार गुळगुळीत झालेली.

"हा... हा असाच वाटेत सापडला!" रायाजीच्या घशात फोड अडकली.

धोंडूने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सापडला कसला! तीन वर्षांमागं जत्रेत माझ्याकडनंच घेतलाय. अर्धा दिवस घासाघीस करून!"

हसू दाबता दाबता महाराजांनी डोळे वटारले. "पण मी म्हटलं होतं ना, लोहारांना विचारायचं नाही, कापून बघायचं नाही?"

"मी कुठं काय विचारलं? कैरी दिली फक्त. आणि कापलं त्यांनी, मी नुसतं बघितलं! रोज कमरेला कुठला लावावा, हेच हवं होतं ना तुम्हाला? रायाजी तीन वर्षं लावतायत, तो!"

महाराज असे हसले, असे हसले, की लोडावरून घसरले. धोंडूला तीनशे चाकूंचं काम मिळालं. सगुणाच्या हातात सोन्याच्या पाटल्या पडल्या, आणि अख्खा मुदपाकखाना त्या दिवसापासून तिच्या हुकमात आला!