टर्बोची डुलकी

एकदा एक गुरू होते, आणि त्यांचा आश्रम म्हणजे एक पत्र्याचे गॅरेज होते. कोल्हापूरहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, उसाच्या फडाला लागून ते उभे होते. आश्रमात जशा समिधा आणि दर्भ, तसे इथे पाने, जॅक आणि ऑइलचे डबे. गुरूंना सारे वस्ताद म्हणत. लोक आपल्या साध्या गाड्या त्यांच्याकडे आणत आणि वेगवान करून नेत. अशा गाड्या रस्त्यावर चालवणे कायद्याला कितपत धरून आहे, याविषयी मला शंका आहे. परंतु जुन्या कथांतल्या ऋषींनी पर्णकुटी बांधताना वनखात्याची परवानगी घेतली होती का, हेही आपण विचारत नाही. तेव्हा पुढे जातो.

वस्तादांची परीक्षा घेण्याची एक रीत होती. शिष्याने स्वतः बांधलेल्या गाडीत ते पांढराशुभ्र लेंगा घालून त्याच्या शेजारी बसत. हातात काचेचा ग्लास, ग्लासात काठोकाठ चहा. शिष्याने गाडी डोंगराच्या वळणांवरून वर देवळापर्यंत न्यायची, आणि तीही रेंगाळत नव्हे, गाडीच्या अंगात जेवढी धमक असेल तेवढी दाखवत. चहा सांडला नाही, तर देवळापाशी उतरताना वस्ताद त्याला ‘मिस्त्री’ म्हणत. त्या एका शब्दावर शिष्य स्वतःची पाटी लावायला मोकळा होई. चहा सांडला, तर लेंग्यावर डाग पडे, आणि तो डाग त्या शिष्याच्या नावाने ओळखला जाई. वस्तादांच्या घरी धुणे करणाऱ्या बाईसुद्धा दोरीवर लेंगा टाकताना ‘हा दिनकरचा’, ‘हा सुबरावचा’ असे म्हणत.

सुबरावचे दोन होते. वय तिशीच्या पुढे गेलेले, हात कसलेला, पण त्याच्या मागून आलेले मिस्त्री होऊन निघून गेले आणि तो अजून ‘सुब्या’च राहिला होता. वस्तादांनी त्याला बजावून ठेवले होते, की तिसरा डाग पडला तर गाडी बांधणे तुझ्या प्राक्तनात नाही असे समजायचे, आणि जन्मभर खड्ड्यात उतरून ऑइल बदलायचे. त्याची तिसऱ्या परीक्षेची गाडी होती गुळाचे व्यापारी बाळगोंडा शेठ यांची. छोटी, लाल, आणि शेठना अतिशय प्रिय. तिला सुबरावने शेठच्या हौसेखातर एक भला मोठा टर्बो बसवला होता.

टर्बो म्हणजे काय, हे मला जसे समजले आहे तसे सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, आणि ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, तर इंधन जास्त जळते आणि जोर जास्त येतो. मात्र धुराचा पुरेसा झोत येईपर्यंत चक्र मंदच असते. चालकाने पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतच्या या खंडाला जाणकार ‘टर्बो लॅग’ म्हणतात. वस्तादांच्या गॅरेजात त्याला ‘डुलकी’ म्हणत.

शेठ एका सकाळी तक्रार घेऊन आले. “सिग्नल सुटला की मी पाय दाबतो,” ते म्हणाले, “आणि गाडी इचार कराय लागती. तवर दुधाचा टेम्पो पुढं जातो. मागं कॅन धरून बसलेला गडी मला रोज हात करतो, वस्ताद. मग मी टेम्पोच्या बुडाशी पोचलो की हिला जाग येती, आणि मागनं कुणीतरी लाथ घातल्यागत पळती. ब्रेक दाबता दाबता माझा जीव जातो.”

सुबरावने तत्काळ निदान केले. टर्बो कमी पडतो आहे. याहून एक नंबर मोठा बसवू. शेठचे डोळे चमकले. बॉनेट उघडल्यावर लोकांनी आत पाहून ‘आबाबा’ म्हणावे, ही त्यांची इच्छा होतीच.

वस्ताद हे ऐकत होते. त्यांनी सुबरावला एवढेच सांगितले, की शेठना चहा कर, आणि तो खंडेनवमीच्या पातेल्यात कर.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर गॅरेजात जेवण होई, आणि सगळ्या गिऱ्हाइकांची आमटी त्या एका पातेल्यात मावत असे. त्यात उभे राहून एखाद्या सडपातळ माणसाला स्नान करता आले असते. सुबरावने ते दोन्ही हातांनी उचलून टेबलावरच्या छोट्या शेगडीवर ठेवले. शेगडी पार दिसेनाशी झाली. आत तीन कपांपुरते दूध ओतले, ते तळाशी पसरून जवळजवळ अदृश्य झाले. शेठनी घड्याळ पाहिले. त्यांनी गुळाच्या भावाविषयी बोलून घेतले, पावसाविषयी बोलून घेतले, जावयाविषयीही बोलून घेतले. चहाला आधण येईना. अखेर ते निघायला उठले, तेव्हा चहा आला: अर्धा बुडाला चिकटलेला आणि उरलेल्याला करपल्याचा वास.

वस्तादांनी तो शांतपणे प्यायला आणि विचारले, “कळलं का, सुब्या?”

“कळलं,” सुबराव म्हणाला.

सुबरावला कोणतीही गोष्ट ताबडतोब कळत असे. त्याचा तोच एक दोष होता.

शेठना गाडीपर्यंत पोचवताना त्याने दृष्टांताचा अर्थ उलगडून सांगितला. वस्तादांचे म्हणणे असे, की आच कमी पडते आहे. टर्बो आहे तोच ठेवू. त्याच्याखाली जाळ वाढवू. शर्यतीच्या गाड्यांत एक युक्ती असते, चालकाने पाय काढला तरी थोडे इंधन धुराच्या नळीत सोडायचे आणि ते तिथेच पेटू द्यायचे, म्हणजे चक्राला झोप अशी लागतच नाही. शर्यतीत ती योग्यही असेल, मला त्यातले ठाम सांगता येणार नाही. सुबराव आठवडाभर त्या कामात बुडाला, आणि मग वस्तादांसमोर उभा राहून म्हणाला की गाडी परीक्षेला तयार आहे.

वस्ताद शेजारी बसले. लेंगा नवा होता. शेठ हट्टाने मागच्या आसनावर बसले. सुबरावने गाडी काढली, आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत सारे ठीक चालले. तिथे रस्त्यालगत एका लग्नाचा मांडव होता. सुबरावने वळणासाठी पाय काढला, नळीत इंधन पेटले आणि गाडीच्या मागून लवंगी माळ लागावी तसे बार उडू लागले.

पहिल्याच बाराला चहाचा ग्लास लेंग्यात उपडा झाला. सुदैवाने तो कोमट झाला होता.

मांडवात वऱ्हाडाची वाट पाहणाऱ्या बँडवाल्यांनी हे बार ऐकले आणि नवरदेव आला असे समजून वाजवायला सुरुवात केली. मुलीकडच्या बायका ओवाळणीचे ताट घेऊन धावत रस्त्यावर आल्या. सुबरावला गाडी थांबवावीच लागली. एका आजीबाईंनी खिडकीतून हात घालून वस्तादांना कुंकू लावले, ओवाळले, आणि मगच नीट निरखून पाहिले. मुलीच्या मामांनी मागचे दार उघडून अदबीने विचारले, नवरदेव ते आपणच का. शेठ म्हणाले, “मी गुळाचा यापारी.” मामा काही क्षण विचारात पडले. मुलाला न बघता ठरलेल्या स्थळात हेही संभवते, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. खुलासा झाल्यावर खूप हसाहशी झाली आणि तिघांना आग्रहाने मांडवात बसवण्यात आले.

सुबराव मात्र हसत नव्हता. वस्तादांच्या नव्या लेंग्यावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत चहा पसरला होता. एवढा डाग त्या गॅरेजच्या इतिहासात कुणाच्या नावावर नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, “वस्ताद, उद्यापासनं मी ऑइलच्या खड्ड्यात उतरतो.”

वस्तादांनी कपाळावरचे कुंकू पुसले नव्हते. ते डागाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हा डाग तुझ्या नावावर न्हाई. माझ्या नावावर. पातेलं दाखवलं, आणि सांगितलं काहीच न्हाई. आणि तू एवढ्या झटकन ‘कळलं’ म्हणालास, तवाच मला संशय यायला पाहिजे हुता.”

सुबरावने मान वर केली.

“आच तेवढीच हुती, दूध तीन कपांचं हुतं,” वस्ताद म्हणाले. “पातेलं मात्र गावजेवणाचं. तू आच वाढवलीस. मी म्हणत हुतो, पातेलं बदल.”

शेठ मध्येच म्हणाले, “म्हंजे अंथरूण बघून पाय पसरावेत.”

“ते पायाचं झालं, शेठ. मी येळेचं सांगतोय.” वस्तादांनी मांडवाकडे हात केला. “समजा, ह्या मामांना कुणी शब्द दिला की पंगत वाढायला पन्नास माणसं धाडतो. धाडली बी. पण पोचली कवा, तर पंगत उठल्यावर. ती काय वाढणार? ती बसून जेवून जाणार. त्यापरास दाराशी उभी असलेली पाच बरी, हाक मारली की पळी हातात घेणारी. ताकद किती, हे समदी इचारत्यात. हाक मारल्यावर ती कवा येती, हे कुणी इचारत न्हाई. हाकेला येत न्हाई ती ताकद आपली नव्हं, शेठ. ती पाहुणी.”

मग शेठ हळूच म्हणाले, की रस थोडा असला तर चुलाणावर मोठी काहील चढवायची नसते, गूळ करपतो. हे त्यांच्या आजोबांनी त्यांना गुऱ्हाळावर शिकवले होते. गुळाबाबत ते कधी विसरले नव्हते. गाडीबाबत कसे विसरले, कुणास ठाऊक.

वस्तादांनी सुबरावकडे पाहिले. सुबराव या खेपेस ‘कळलं’ म्हणाला नाही. त्याने बराच वेळ घेतला आणि विचारले, “पण वस्ताद, टर्बो बारका लावला तर वर टोकाला, सुसाट वेगात, जोर कमी पडंल की.”

“पडंल,” वस्ताद म्हणाले. “शेठ, तुम्ही टोकाला किती वेळा जाता?”

“मी दुकानाला जातो आणि घरला येतो,” शेठ म्हणाले.

तेवढ्यात खरे वऱ्हाड आले. परंतु बँडवाले एव्हाना दमून जेवायला बसले होते.

सुबरावने मोठा टर्बो काढला आणि त्या इंजिनाला शोभेल असा छोटा बसवला. हवेची नळी त्याने पूर्वी लोकांच्या नजरेत भरावी म्हणून पुढून वळसा देऊन नेली होती. ती आखूड आणि सरळ केली. एका जोडातून हवा निसटत होती, तो जोड पक्का केला. नळीतला जाळ बंद केला. शेठना बॉनेटची काळजी होती, तर वस्तादांनी त्यांना मोठा टर्बो दुकानात मांडून ठेवायला सांगितले. शेठनी तो तराजूशेजारी ठेवला, आणि चक्राच्या पात्यांच्या फटींत उदबत्त्या उत्तम उभ्या राहतात असा शोध लावला. गिऱ्हाइके येत, पाहत आणि ‘आबाबा’ म्हणत.

मग पुन्हा परीक्षेचा दिवस आला. वस्ताद शेजारी बसले, अंगात तोच लेंगा, त्यांचा स्वतःचा डाग मिरवणारा. हातात काठोकाठ भरलेला ग्लास. सुबरावने देवाचे नाव घेतले आणि गाडी डोंगराला लावली. पहिल्या वळणातून बाहेर पडताना त्याने पाय दाबला, आणि जोर आला. मागाहून नव्हे, दणका देऊन नव्हे. हाक मारावी आणि शेजारच्या खोलीतून ‘ओ’ यावी, तसा आला. दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या वळणावरही तसेच. ग्लासाकडे बघण्याचे धाडस त्याला झाले नाही. देवळापाशी गाडी उभी करून त्याने आधी लेंग्याकडे पाहिले. नवा डाग नव्हता. मग ग्लासाकडे पाहिले.

ग्लास रिकामा होता.

सुबरावने आसनाखाली पाहिले, पायपुसणे उचलून पाहिले, दाराची फट चाचपली.

“काय शोधायलाईस?” वस्तादांनी विचारले.

“चहा, वस्ताद. गेला कुठं?”

“प्यालो की,” वस्ताद म्हणाले. “एवढ्या वर्षांत गाडीत बसून पयल्यांदाच प्यायला मिळाला. दर वेळी नुसता धरूनच बसावं लागतंय.”

ते सावकाश उतरले, रिकामा ग्लास सुबरावच्या हाती दिला आणि देवळाच्या पायरीवर टेकत म्हणाले, “मिस्त्री, बघा, वर कुठं अजून एक चहा मिळतोय का.”

सुबराव ग्लास हातात घेऊन तसाच उभा राहिला. वारा वाहत होता, देवळातली घंटा कुणीतरी वाजवली, आणि तो शब्द त्याच्या कानातून आत पोचायला बराच वेळ लागला.

तेवढी डुलकी वस्तादांनी माफ केली.